एकशे अठरा बटाटे

अर्जुनराव मुळे यांनी त्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. अकरा वर्षं ते निगडी प्राधिकरणातल्या या मैत्रांगण सोसायटीत राहत होते आणि अकरा वर्षांत मीटिंगमध्ये त्यांनी तोंड उघडलं ते फक्त चहा आणि वेफर्ससाठी. हा शिरस्ता उत्तम चालला होता. बोलणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, हे चाकणच्या कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, हाडं झिजवलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण त्या दिवशी वेफर्स तिखट निघाले, पाणी यायला उशीर झाला आणि तोंड उघडंच राहिलं.

विषय होता स्वरूपाचा. स्वरूपा येळवंडे, अर्जुनरावांच्या समोरच्या दारातली, वय सव्वीस. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पण जिन्यात कोण चढतंय, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय आणि कोणाची भाजी करपलीय, हे तिला बसल्या जागी कळायचं. निघोज्याच्या एका कंपनीत ती टेलिफोनचा बोर्ड सांभाळायची. आता कंपनी तो बोर्डच काढून टाकणार होती. तीस जूनला बोर्ड बंद. साहेब बरा होता. तो म्हणाला, तुझी कारखाना व्यवस्थापनाची पदविका तेवढी पूर्ण कर, तुला पर्सोनेल खात्यात घेतो. पदविकेचे बाकी सगळे पेपर सुटले होते. राहिला होता एकच, 'कारखान्याची मांडणी व नोंदी'. परीक्षा मे महिन्यात.

तो राहायचं कारण असं, की त्या पेपरच्या नोट्स गणराज सरांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिल्या होत्या, मोबाइलने त्यांचे फोटो काढले होते आणि ते फोटो कॉलेजच्या पोर्टलवर चढवले होते. एकशे अठरा पानं. कॉलेजच्या माहितीपत्रकात याला 'संपूर्ण डिजिटल अभ्यास साहित्य' म्हटलं होतं. स्वरूपाच्या फोनमध्ये अक्षरं वाचून दाखवणारी एक बाई होती. ती टाइप केलेला मजकूर घडाघडा वाचायची, पण फोटो दिसला की तिची दातखीळ बसायची.

"चित्र म्हनती ती बया," स्वरूपाची आई शालनबाई मीटिंगमध्ये उभी राहून सांगत होती. "पयलं पान, चित्र. दुसरं पान, चित्र. एकशे अठरा डाव चित्र! पोरगी फोन कानाला लावून बसती आन् ती बया चित्र, चित्र, चित्र. मानसानं करायचं काय?"

सोसायटीने तोवर मदत केली नव्हती असं नाही. दुसऱ्या मजल्यावरचा धनेश हिंजवडीत संगणकावर कामाला होता. "काकू, एकदम सिंपल आहे," असं म्हणून त्याने स्वरूपाच्या फोनमध्ये चित्रं ओळखणारं एक ॲप घातलं होतं. आता गणराज सरांची शाई फिकी, अक्षर मुंग्यांचं, आणि फोटो काढताना पान उडू नये म्हणून सर कोपऱ्यात अंगठा ठेवायचे. ॲपला त्या सगळ्यात खात्री वाटली ती फक्त अंगठ्याची. फोनमधली बाई आनंदाने म्हणाली, "चित्रात बहुधा बटाटा आहे." दुसऱ्या पानावरही बटाटा होता. एकशे अठराव्या पानावर सरांनी वाकडा हात करून फोटो काढला होता, तिथे दोन बटाटे होते.

मग निवृत्त मुख्याध्यापिका विजयश्रीबाईंनी वाचून ध्वनिमुद्रण करायचं मनावर घेतलं. पहिल्या पानाला चाळीस मिनिटं लागली, कारण त्यात बाईंनी शिस्तीचं महत्त्व आपल्या पदरचं घातलं. दुसरं पान त्यांनी वाचलंच नाही. त्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते गणराज सरांकडे परत पाठवा, म्हणाल्या. चेअरमन ज्योतीराम यांचं मत पडलं की कुठल्याही उपक्रमाला आधी फ्लेक्स पाहिजे. फ्लेक्स झाला, गेटवर लागला, त्यावर चेअरमन हात जोडून हसत होते. स्वरूपाचं नाव तेवढं राहून गेलं.

हे सगळं ऐकताना अर्जुनरावांच्या जिभेवर वेफर जळत होता. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? बसायचं, वाचायचं आन् फोनात भरायचं. आठ दिसाचं काम हाय."

आधी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग टाळ्या झाल्या. ज्योतीराम यांनी मिनिट्स बुकात लिहिलं: 'जबाबदारी, श्री. मुळे.'

घरी येताना त्यांच्या पत्नी दुर्गाबाई जिन्यात चार पायऱ्या पुढे होत्या. दार लावून घेतल्यावर म्हणाल्या, "आठ दिसाचं?"

"मग किती?"

"तुमाला पेपरातलं राशिभविष्य वाचायला सकाळचं दहा वाजत्यात."

हे खरं होतं आणि या घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. अर्जुनराव भूम तालुक्यातून आले तेव्हा अंगठेबहाद्दर होते. अक्षरं शिकले वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात, बसल्यावर गुडघे बाकाला लागायचे तरी. सोसायटीत मात्र त्यांनी 'जुनी अकरावी' असं मोघम सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी ते बाल्कनीत दोन तास पेपर धरून बसत, ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. खालून जाणारे म्हणत, मुळेकाकांचं वाचन किती सखोल. ही अब्रू आता एकशे अठरा पानांखाली सापडली होती.

पहिल्या दिवशी त्यांनी नोट्सच्या प्रिंट घेऊन स्वयंपाकघरात बसून तीन पानं वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द फोडून, नंतर जोडून. त्यांच्या मते वाचायचं म्हणजे पानावरचं सगळं वाचायचं. त्यांनी पानाचा नंबर वाचला, वहीच्या कंपनीचं नाव वाचलं, समासातला गणराज सरांचा दुधाचा हिशोब वाचला आणि जिथे अंगठा आला तिथे प्रामाणिकपणे सांगितलं, "इथं सरांचं बोट हाय, त्याच्याखाली काय हाय ते सरालाच म्हाईत."

संध्याकाळी स्वरूपा कंपनीच्या बसमधून उतरली ती थेट दारात. "काका, ऐकलं."

"समजलं का?"

"समजलं. गणराज सर अर्धा लिटर म्हशीचं घेतात. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. चौथीला तुम्ही 'बंद कर की गं' म्हणालात. पण काका, आकृती तीन कुठाय?"

"आकृती हाय ना. चौकोन हायती. बान हायती."

"बाण कुठून कुठे?"

"हिकडून तिकडं."

"काका," स्वरूपा म्हणाली, "पेपर निम्मा आकृत्यांवर असतो. 'हिकडून तिकडं' असं लिहिलं तर मला किती मार्क देतील?"

अर्जुनरावांनी चष्मा लावला. आकृतीत एका प्रेस शॉपचा नकाशा होता. त्यांनी कागद वर धरला, खाली धरला. मग कागद बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"शॉपच्या दारात उभी ऱ्हा. पाठ दाराला. डाव्या हाताला स्टोर, हात लांब केला की जाळी लागंल. समोर बारा पावलं गेलीस की पयली प्रेस. ऑपरेटरची जागा तिच्या उजव्या अंगाला. माल येतो तुझ्या पाठीकडनं, जातो समोर. उजव्या कोपऱ्यात भंगाराचा डबा, कमरेएवढा. आन् त्या सरानं तो डबा बाहेर पळायच्या दाराम्होरं ठिवलाय. आग लागली तर मानसं डब्यात पडतील."

स्वरूपाचा चेहरा उजळला. "हे! हे असं सांगा. हे कुठं शिकलात?"

शिकले होते कारखान्यात. तिथे शिफ्ट संपली की मशीन असंच सोडून जायचं नसतं. जाणारा येणाऱ्याला तोंडी सगळं सांगतो: कुठला बोल्ट ढिला आहे, पाना कुठे ठेवलाय, कुठे हात घालायचा नाही. याला शिफ्ट देणं म्हणतात. अक्षरं येत नव्हती तेव्हा अर्जुनरावांनी वर्षानुवर्षं अशीच शिफ्ट दिली आणि घेतली. एकदा वीज गेलेली असताना दिली, तर घेणाऱ्याने अंधारात बरोबर पान्यावर हात ठेवला. पुढे कंपनीत लेखी नोंदीचा नियम आला. प्रत्येक नोंदीखाली देणाऱ्याची सही आणि टोकन नंबर, म्हणजे त्याचा कामगार क्रमांक, शेजारी घेणाऱ्याची सही. त्या एका सहीसाठी तर ते एक्केचाळिसाव्या वर्षी बाकावर बसले. एकदाच सही राहिली होती. मेमो मिळाला. तो मेमो पुरता वाचायला त्यांना दीड तास लागला होता आणि त्यातला प्रत्येक शब्द अजून पाठ होता.

आताही प्रत्येक पाठ फोनात भरून झाला की शेवटी त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं: "एवढं सांगून मशीन चालू स्थितीत सोडलं हाय. अर्जुन मुळे, टोकन नंबर चारशे सत्तावीस."

काम सुरळीत लागलं म्हणेपर्यंत जागेचा प्रश्न आला. स्वयंपाकघरात कुकर. बाल्कनीत भंगारवाला. बाथरूममध्ये आवाज घुमायचा, आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांनी मुळेकाका आत अडकलेत असं समजून नळवाल्याला बोलावलं. धनेश म्हणाला, "काका, एकदम सिंपल आहे. माझ्या गाडीत बसा, काचा वर करा. स्टुडिओ!" एप्रिलच्या भर दुपारी अर्जुनराव पार्किंगमधल्या गाडीत काचा लावून बसले. एसी लावला तर त्याचा आवाज येतो, म्हणून एसी बंद. डोळे मिटून, घामाने निथळत, हातवारे करत ते 'माल हाताळणीची साधनं' सांगत असताना वॉचमनने पाहिलं. पाच मिनिटांत गाडीभोवती वीस माणसं जमली. कोणी काच बडवत होतं, कोणी कांदा फोडून आणला होता. विजयश्रीबाई म्हणाल्या, रक्तातली साखर कमी झाली की माणूस असं बोलतो. दुर्गाबाई खाली आल्या आणि नवरा जिवंत आहे असं दिसल्यावर जे बोलायला लागल्या ते तब्बल चार मिनिटं.

"काका," दुसऱ्या दिवशी स्वरूपाने विचारलं, "पाठ नऊमध्ये काकूंनी जे सांगितलंय, ते परीक्षेला येणार आहे का?"

"ते आप्शनला टाक," अर्जुनराव म्हणाले.

मधल्या काळात सरळ मार्गही धरून पाहिला. अर्जुनराव आणि स्वरूपा दोघं कॉलेजात गेले, नोट्स टाइप करून द्या अशी विनंती करायला. खिडकीपाशी रोहिदास नावाचे क्लार्क होते. माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं खिडकीमागे बसून त्याला सगळं जग चौकटीत दिसायला लागलं होतं, एवढंच.

"अर्ज करा," रोहिदास म्हणाले.

"द्या अर्ज."

"पोर्टलवर आहे."

स्वरूपाने पोर्टल उघडलं. फोनमधली बाई म्हणाली, "चित्रात बहुधा बटाटा आहे."

"अर्जाचा फोटो काढून टाकलाय," रोहिदास समजावून म्हणाले. "प्रिंट काढा, भरा, खाली सही करा. तिथं लिहिलंय बघा: वरील मजकूर मी स्वतः वाचला आहे."

"मी कशी वाचणार?" स्वरूपाने विचारलं.

रोहिदास यांनी विचार केला. "मग त्याच्यासाठी वेगळा अर्ज आहे," ते म्हणाले. "तो पोर्टलवर आहे."

अर्ज दिला. तो परीक्षा होऊन गेली तरी 'विचाराधीन' होता.

इकडे एक भलतंच झालं. स्वरूपाने ते पाठ वर्गातल्या दोघीतिघींना पाठवले. गणराज सरांचं अक्षर डोळे असलेल्यांनाही लागत नव्हतंच. दोघीतिघींचे साठ झाले. वर्गातली पोरं दिवसा कामाला जाणारी, ती चाकणच्या कंपनी बसमध्ये कानात अर्जुनराव घालून बसू लागली. एकदा भाजी घेताना अर्जुनरावांनी भेंडीचा भाव विचारला, तर शेजारचा एक गडी दचकून वळला. "काका, चारशे सत्तावीस का?" अर्जुनरावांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी आवाजावरून ओळखलं होतं. ते भेंडी न घेताच घरी आले.

परीक्षा आठवड्यावर आली आणि लेखनिकाचा घोळ झाला. स्वरूपा सांगणार आणि लेखनिक लिहिणार, हे ठरलेलं होतं. त्यासाठी शालनबाईंची भाची अनिता यायची होती, पण अनिताला कांजिण्या झाल्या. कॉलेजचा नियम असा की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला पाहिजे. म्हणजे बारावीच्या खालचा. ज्योतीराम यांनी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला: 'बारावीपेक्षा कमी शिक्षण असलेल्यांनी कृपया पुढे यावे.'

अठ्ठेचाळीस फ्लॅटांची सोसायटी. कोणी इंजिनियर, कोणी एम.कॉम., कोणी दोनदा एम.ए. वॉचमनला विचारलं तर तो बिहारचा बी.ए. निघाला. दूधवाला शेतकीचा पदवीधर. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पदव्यांची जत्रा भरली, उपयोगाचं एकही माणूस नाही. समोरच्या दारातून शालनबाईंचा आवाज येत होता, "समद्या दुनियेला शिकायची काय घाई झालीया कुनास ठावं!"

अर्जुनराव खुर्चीत बसून फोनकडे पाहत होते.

दुर्गाबाई म्हणाल्या, "पेटीत हाय. पेपराखाली."

"मी काय बोललोय का?"

"न्हाई. म्हनून सांगितलं."

अर्जुनरावांनी फोन उचलला. एका बोटाने लिहायला घेतलं. ग्रुपवर अठ्ठेचाळीस घरांना वीस मिनिटं 'मुळेकाका लिहीत आहेत' एवढंच दिसत राहिलं. लोकांना वाटलं मोठा लेख येतोय. मग तीन ओळी आल्या: 'मी जुनी अकरावी नाही. मी साक्षर आहे. प्रमाणपत्र आहे.'

मग विजयश्रीबाईंचं उत्तर आलं: 'वाक्यरचना निर्दोष.' त्या बाईंनी एवढं कौतुक स्वतःच्या मुलाचंही केलं नव्हतं.

रोहिदास यांनी खिडकीतून प्रमाणपत्र घेतलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. "याच्याखाली तर काही असूच शकत नाही," ते आदराने म्हणाले आणि शिक्का मारला: पात्र. अर्जुनरावांनी तो शिक्का तीनदा वाचला. त्यांच्या नावापुढे हा शब्द आजवर कोणी मारला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी दुर्गाबाईंनी दोघांच्या हातावर दही ठेवलं. उत्तरपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात सूचना होत्या. अर्जुनरावांनी पहिलीपासून बोट लावलं. चौथ्या सूचनेवर असताना घंटा झाली. पुढच्या राहिल्या. हे लक्षात ठेवायला हवं.

पेपर तीन तासांचा, लेखनिक असल्यामुळे एक तास जास्त. स्वरूपा सांगू लागली आणि अर्जुनरावांचं अक्षर पाटीवर गिरवावं तसं, मोठं, गोल, सावकाश उमटू लागलं.

"दारात उभे राहिल्यास डाव्या हाताला स्टोअर," ती म्हणायची.

"दमानं. दारात... उभे..."

"काका, हे तुम्हीच सांगितलंय. पुढचं तुम्हाला माहितीये."

"म्हाईत हाय. पन तू सांगशील तेवढंच लिव्हनार. शिफ्ट तुजी हाय."

चौथ्या प्रश्नाला नकाशातला दोष विचारला होता. स्वरूपाने भंगाराचा डबा आणि बाहेर पळायचं दार सांगितलं. अर्जुनरावांनी तोंडावर कसलाही भाव येऊ न देता लिहिलं, फक्त पेन थोडं जास्त दाबलं गेलं. शेवटच्या उत्तराचं शेवटचं वाक्य आणि शेवटची घंटा एकाच वेळी झाली. दोघं बाहेर आले तेव्हा अर्जुनरावांची बोटं आखडून पेन धरल्यासारखीच राहिली होती. चहाचा कपही त्यांनी तसाच धरला.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. स्वरूपाच्या नावापुढे 'राखून ठेवला' होतं. पाठोपाठ रोहिदास यांचा फोन. "सोमवारी अकराला या. चौकशी आहे. गैरप्रकार. नोटीस पोर्टलवर टाकलीये."

अर्जुनरावांनी नोटीस उघडली. छापलेल्या कागदाचा फोटो होता. कोपऱ्यात अंगठा, बहुधा रोहिदास यांचा. बोट लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीतच त्यांचं बोट थांबलं. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशी खूण, नाव वा सही करू नये, ही सहावी सूचना होती. आणि स्वरूपाच्या उत्तरपत्रिकेत सात उत्तरांखाली सात वेळा, वळणदार अक्षरात, लिहिलेलं होतं: 'अर्जुन मुळे, टो. नं. ४२७.'

त्यांना लिहिल्याचं आठवतही नव्हतं. उत्तर संपलं, हात खाली गेला, सही झाली. बारा वर्षं कारखान्यात रोज हेच केलेलं.

ते समोरच्या दारात जाऊन उभे राहिले. "पोरी, मी तुजं वाटोळं केलं."

स्वरूपाने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा आधी उतरला. आज बावीस तारीख होती, बोर्ड तीसला बंद होणार होता. मग तिने विचारलं, "नोटीस कशी आहे? फोटो?"

"फोटो. वाचून दाखवतो, थांब."

"वाचू नका," स्वरूपा म्हणाली. "काका, एक अक्षर वाचू नका."

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत प्राचार्य, गणराज सर आणि टिपणं घ्यायला रोहिदास बसले होते. समोर स्वरूपा आणि तिच्या शेजारी अर्जुनराव, इस्त्रीचा सदरा, मान खाली.

प्राचार्य म्हणाले, "नोटीस मिळाली ना?"

"मिळाली सर," स्वरूपा म्हणाली. "बटाटा मिळाला."

"काय?"

तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. फोनमधली बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "चित्रात बहुधा बटाटा आहे."

रोहिदास यांनी नकळत अंगठा मुठीत लपवला.

"माझ्यावर आरोप काय आहे ते मला कॉलेजने अजून कळवलेलं नाही सर," स्वरूपा म्हणाली. "नोट्सही नाही कळवल्या. एकशे अठरा बटाटे कळवले. मी सविस्तर अर्ज केला होता. तो विचाराधीन आहे."

प्राचार्यांनी रोहिदास यांच्याकडे पाहिलं. रोहिदास यांनी छताकडे पाहिलं. मग प्राचार्य घसा साफ करून अर्जुनरावांकडे वळले. "पण आजोबा, सही का केलीत?"

अर्जुनराव उभे राहिले. कारखान्यात साहेबापुढे उभं राहायची सवय. "साहेब, काम केलं की सही. न्हाई केली तर मेमो. आन् हे मी माज्या मनानं म्हनत न्हाई. सरांच्या नोट्समदीच हाय. पान चौऱ्याहत्तर. 'प्रत्येक नोंदीखाली नोंद करणाऱ्याची सही व टोकन क्रमांक असणे बंधनकारक आहे. सही नसलेली नोंद ग्राह्य धरू नये.' खाली दोन रेघा मारल्यात सरांनी."

गणराज सर चमकले. "असं लिहिलंय मी?"

त्यांनी आपल्या फोनवर चौऱ्याहत्तरावं पान उघडलं. जवळ नेलं. लांब नेलं. चष्मा काढला, घातला. स्वतःचं अक्षर त्यांना लागेना. त्या नोट्स पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस जगात एकच होता आणि तो समोर मान खाली घालून उभा होता. शेवटी सर खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचं ते... रेकॉर्डिंग आहे का?"

स्वरूपाने पाठ सतरा लावला. प्राचार्यांच्या खोलीत अर्जुनरावांचा आवाज भरून राहिला: सही, टोकन क्रमांक, दोन रेघा. मग भंगारवाला. मग, "मशीन चालू स्थितीत सोडलं हाय."

प्राचार्य बराच वेळ रुमालाने तोंड पुसत होते. मग म्हणाले, "सही लेखनिकाची आहे, परीक्षार्थीची नाही. तिची ओळख त्यातून पटत नाही. गणराज सर?"

"पटत नाही," गणराज सर घाईने म्हणाले. "आणि नोट्स मी टाइप करतो. म्हणजे... यांनी सांगितलं तर."

रोहिदास यांनी इतिवृत्त लिहून अर्जुनरावांपुढे सरकवलं. "सही करा. वाचल्याची."

खोलीत चार शिकलेली माणसं होती, तीन पाहत होती आणि एक ऐकत होतं. अर्जुनरावांनी कागद ओढला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द फोडून, नंतर जोडून, कारण स्वरूपालाही त्याच कागदावर सही करायची होती. चहा आला, गार झाला. कोणी घाई केली नाही. शेवटी त्यांनी पेन उचललं, आणि मग थबकून विचारलं, "हितं चालती न्हवं?"

"इथे चालते," प्राचार्य म्हणाले.

स्वरूपाला एकसष्ट मार्क पडले. त्यातले भंगाराच्या डब्याचे दहापैकी दहा. नोट्स पावसाळ्यात टाइप होऊ लागल्या. गणराज सर दर रविवारी मैत्रांगणात यायचे आणि स्वतःच्या पानांचा अर्थ अर्जुनरावांना विचारून लिहून घ्यायचे. ज्योतीराम यांनी नवा फ्लेक्स लावला. यात स्वरूपाचं नाव होतं, चेअरमनच्या चपलेजवळ, पण होतं.

एक जुलैला दुपारी अर्जुनरावांच्या फोनवर एक निरोप आला. लिहिलेला नव्हता, बोललेला होता.

"काका, पर्सोनेलच्या दारात उभे राहा. पाठ दाराला. उजव्या हाताला सहा पावलांवर माझं टेबल. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात फोन, उजव्या कोपऱ्यात काकूंनी दिलेला डबा. खिडकी मागे, वारा येतो. बाहेर पळायचं दार मोकळं आहे, मी स्वतः चालून पाहिलं. मशीन चालू स्थितीत आहे. स्वरूपा येळवंडे, टोकन नंबर अकराशे तीन."

अर्जुनरावांनी ते दोनदा ऐकलं. मग चष्मा लावला, फोन उलटासुलटा केला, आणि शिफ्ट घेणाऱ्याने सही कुठे करायची ते बराच वेळ शोधत राहिले.